बारा नारळ आणि शहाजीराजे

वाचकहो, शहाजीराजे भोसले हे नाव तुम्ही शेकडो वेळा ऐकले असेल, पण बहुतेक वेळा ते दुसऱ्या कोणाच्या तरी नावाला जोडून. मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात ते शिवाजी महाराजांचे वडील म्हणून येतात, जिजाऊसाहेबांचे पती म्हणून येतात आणि एक-दोन पानांतच दूर कर्नाटकात निघून जातात. पुढे त्यांचे काय झाले हे मुले विचारीत नाहीत आणि आम्ही शिक्षकही सांगत नाही, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही. वास्तविक हा पुरुष आपल्या अगदी जवळचा. बारामती तालुक्यातले सुपे आणि शेजारचे इंदापूर हे दोन्ही परगणे पुण्याबरोबर त्यांच्या जहागिरीत होते. त्यांच्या मातोश्री उमाबाई फलटणच्या निंबाळकरांच्या घरातल्या, म्हणजे नीरा ओलांडली की माहेर. त्यांचे वडील मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. इंदापूरच्या गढीशी मालोजीराजांचे नाव आजही जोडलेले आहे.

पण आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत मी त्यांच्यावर लिहावयास घेतले त्याचे कारण निराळे आहे. दरवर्षी शाळाप्रवेशाचे दिवस आले की पालक एकच प्रश्न घेऊन येतात. मुलाला उर्दू माध्यमात घालावे, मराठी माध्यमात घालावे की कर्ज काढून इंग्रजीत? प्रश्न योग्यच आहे. मात्र त्याच्या पोटात दोन समजुती दडलेल्या असतात. एक भाषा हाती धरली की दुसरी सोडावीच लागते, ही पहिली; आणि प्रत्येक भाषेवर कोणत्या तरी एका धर्माची मालकी आहे, ही दुसरी. शहाजीराजांचे आयुष्य पाहिले की या दोन्ही समजुती कोठे टिकतात ते तुम्हीच ठरवा.

आरंभ त्यांच्या नावापासून करू. मालोजीराजांना बरीच वर्षे संतान नव्हते. अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, शाह शरीफ नावाच्या वलींची दर्गाह आहे. तेथे उमाबाईंनी नवस केला आणि पुढे दोन पुत्र झाले. थोरल्याचे नाव शहाजी ठेवले, धाकट्याचे शरीफजी. शाह शरीफ या एका नावाचे दोन भाग दोन मुलांना मिळाले. ही कोणी अलीकडे रचलेली गोष्ट नव्हे. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाने शिवभारत या संस्कृत काव्यात शाह शरीफांच्या कृपेचा उल्लेख केला आहे. फारसी नाव, त्याला मराठी 'जी', आणि त्याची कथा संस्कृत काव्यात! आपल्या मुलखाची तऱ्हाच अशी होती.

मालोजीराजांचा आणखी एक ऋणानुबंध येथे सांगायला हवा. भीमेपलीकडील श्रीगोंद्याचे शेख महंमद हे त्यांचे पूज्य. त्यांच्यासाठी मालोजीराजांनी तेथे मठ बांधून दिला असे सांगतात. हे शेख महंमद म्हणजे कादरी सूफी परंपरेत वाढलेले आणि वारकरी मंडळींनी आपले मानलेले संत. त्यांचा योगसंग्राम हा ग्रंथ १६४५ सालचा आहे आणि तो मराठी ओवीत आहे. त्यांनी हिंदुस्थानीतही रचना केली. श्रीगोंद्यास त्यांची समाधी आहे, तिला कोणी समाधी म्हणतो, कोणी मजार. ज्या घरात शहाजीराजे वाढले त्या घराचे श्रद्धास्थान मराठीत ग्रंथ लिहिणारा एक मुसलमान होता, एवढे ध्यानात ठेवा. याची जोडी पुढे लागणार आहे.

आता त्या काळचे राज्य कसे बोलत होते ते पाहू. मालोजीराजे आणि तरुण शहाजीराजे ज्या निजामशाहीचे सरदार होते तिचा कर्ता पुरुष मलिक अंबर. हा जन्माने हबशी, म्हणजे आफ्रिकेतल्या इथिओपिया देशातला. बालपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बगदादकडून फिरत फिरत दख्खनमध्ये आला आणि स्वतःच्या अकलेवर निजामशाहीचा वजीर झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे शहर वसविले, तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. त्याच्या फौजेत हबशी होते, अरब होते, इराणी होते, दखनी मुसलमान होते आणि मराठे तर हजारोंनी होते. आता कल्पना करा, अशा छावणीत हुकूम कोणत्या भाषेत सुटत असतील?

उत्तर असे की एकाच भाषेत सुटत नव्हते. दरबारी फर्मान फारसीत निघे. तेच फर्मान परगण्याला आले की त्याचा मजकूर मराठीत, मोडी अक्षरांत होई, कारण पाटील-कुलकर्ण्यांचा सारा व्यवहार मराठीत. काही कागदांवर तर वर फारसी आणि खाली मराठी असे दोन्ही मजकूर एकाखाली एक मिळतात. आणि छावणीत, बाजारात, घोड्यांच्या पागेत जी भाषा चाले ती दखनी. विजापूरच्या आदिलशाहीतही हाच प्रकार. पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे १५३४ नंतर, हिशेबाचे दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत ठेवण्यास सुरुवात झाली आणि ते ब्राह्मण कारकुनांच्या हाती आले. त्याचा नातू शोभेल असा दुसरा इब्राहिम आदिलशहा (राज्यकाल १५८० ते १६२७) तर कवी आणि गवई. त्याने दखनीत किताब-ए-नौरस लिहिले. मोगलांचा वकील असदबेग विजापुरी आला तेव्हा त्याला आढळले की हा बादशहा मराठी सहज बोलतो, पण फारसी बोलताना अडखळतो. विजापूरचा बादशहा मराठीत बोलतो आणि मराठा सरदाराची मुद्रा फारसी अक्षरांत असते! शहाजीराजांच्या आणि जिजाऊसाहेबांच्याही मुद्रा फारसीच होत्या. राज्यकारभाराची जी भाषा, तिच्यात मुद्रा. त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही आणि कोणाचा धर्मही गेला नाही.

या सहवासाचा मराठीवर काय परिणाम झाला याचे मोजमापही झालेले आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १६२८ सालच्या एका मराठी पत्रातले शब्द एकेक करून मोजले. २३६ शब्दांपैकी २०२ फारसी निघाले. शहाजीराजे तेव्हा ऐन उमेदीत होते, म्हणजे ते जे मराठी लिहीत-वाचत होते ते असे. आज मराठी शुद्ध बोला, उर्दू शुद्ध बोला असा आग्रह धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी हे आकडे एकदा भिंतीवर लावून ठेवावेत. शाळेतल्या दप्तर, कागद, शाई, दौत, हजेरी, शिपाई या शब्दांना मुसलमानांचे म्हणून कोणी बाहेर काढले आहे काय? तुमच्या सातबाऱ्यावरचे मौजे, तालुका आणि जिल्हा हेही त्याच वाटेने आले. इंदापूरच्या आणि सुप्याच्या मागे जुन्या कागदांत जो कसबे लागतो, तोसुद्धा अरबी.

शहाजीराजांच्या तरुणपणच्या लढायांचा तपशील येथे देत नाही. तो पुस्तकांत आहे. १६२४ साली भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा एकत्र पराभव केला, त्यात शहाजीराजांनी पराक्रम गाजविला. त्याच लढाईत धाकटे बंधू शरीफजी कामास आले. ज्या शाह शरीफांचे नाव त्यांना मिळाले होते त्यांच्या दर्गाहपासून हे रणांगण फारसे दूर नाही. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला आणि निजामशाहीची घडी विसकटली. १६२९ साली जिजाऊसाहेबांचे वडील लखुजी जाधव यांना निजामशहाने भर दरबारात मारविले. पुढच्या वर्षी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला आणि त्याच सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून उद्ध्वस्त केले. शहाजीराजे काही काळ मोगलांकडे गेले, तेथून फुटले आणि १६३३ मध्ये निजामशाही वंशातल्या एका लहान मुलाला पेमगिरीवर गादीवर बसवून त्याच्या नावाने तीन वर्षे राज्य चालविले. अखेरीस १६३६ साली माहुलीच्या किल्ल्यावर मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे त्यांना तह करावा लागला. निजामशाही बुडाली. शहाजीराजे आदिलशाहीत गेले, पण पुणे, सुपे, इंदापूर ही जहागीर त्यांच्याकडे राहिली. तिचा कारभार दादोजी कोंडदेव पाहू लागले आणि राजे स्वतः दक्षिणेच्या मोहिमेवर रवाना झाले.

येथून त्यांच्या आयुष्याचा तो भाग सुरू होतो, जो शाळेच्या पुस्तकात सांगितला जात नाही.

मोहिमेचा सेनापती रणदुल्लाखान. त्याची आणि शहाजीराजांची चांगली मैत्री होती. १६३८ साली केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या ताब्यात आले. पुढे होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे ही ठाणीही त्यांच्याकडे आली. मराठी मुलखातला हा सरदार आता कानडी प्रजेचा धनी झाला. पूर्वेकडे गेले की तेलुगू, जिंजी-तंजावरकडे उतरले की तमिळ. बरोबर आलेले कारकून मराठी बोलणारे, फौजेत दखनी बोलणारे मुसलमान, विजापूरहून येणारे हुकूम फारसीत, आणि दरबारी विद्वान संस्कृतात शास्त्रार्थ करणारे. जिंकलेल्या संस्थानिकांना पार उखडून न टाकता त्यांच्याकडून खंडणी घेऊन त्यांना जागेवर ठेवावे, असे राजांचे धोरण होते. विचार करा, ज्याला समोरच्याची भाषा समजून घ्यायचीच नाही त्याला हे धोरण चालविता येईल काय? तलवारीने मुलूख घेता येतो. पण वसूल गोळा करावयास आणि तंटा तोडावयास बोलावे लागते.

या बंगळूरच्या दरबारात एके दिवशी जयराम पिंड्ये नावाचा कवी आला. नाशिककडच्या सप्तशृंगी परिसरातला हा ब्राह्मण. शहाजीराजे गुणी लोकांचा आदर करतात अशी कीर्ती ऐकून एवढे अंतर चालून आलेला. राजांसमोर जाताना रिकाम्या हाताने जायचे नाही हा रिवाज. जयरामाने काय नेले? नारळ. एक नव्हे, बारा. ते त्याने राजांपुढे ओळीने मांडले. दरबारी मंडळी बुचकळ्यात पडली. बारा नारळांचे प्रयोजन काय? तेव्हा उलगडा झाला की हा कवी बारा भाषांत कविता करतो. एकेका भाषेचा एकेक नारळ.

दुसरा एखादा धनी असता तर त्याने हसून बिदागी दिली असती आणि पंडिताला वाटेला लावले असते. पण येथे परीक्षा सुरू झाली. दरबारातले एकेक जण उठून समस्या घालू लागले. समस्या म्हणजे पद्याचा एखादा चरण पुढे टाकायचा आणि कवीने उभ्या उभ्या त्याचे संपूर्ण पद्य करून द्यायचे. आता गंमत पाहा. निरनिराळ्या भाषांत समस्या घालायची तर घालणाऱ्यांना त्या भाषा यायला हव्यात. आणि उत्तर बरोबर आले की चुकले हे कळून दाद द्यायची, तर ऐकणाऱ्यालाही त्या समजायला हव्यात. जयराम बारा भाषांचा कवी होता हे खरेच. पण बारा भाषांतली कविता ज्याच्यापुढे म्हणता येते तो दरबार केवढा असेल! मला विचाराल तर नारळ मांडणाऱ्यापेक्षा ज्यांच्यापुढे ते मांडले त्यांचे कौतुक अधिक.

ही हकीकत जयरामानेच आपल्या राधामाधवविलासचंपू या ग्रंथात लिहून ठेवली आहे. चंपू म्हणजे गद्य आणि पद्य यांचे मिश्रण असलेले काव्य. ग्रंथाचा आधीचा भाग संस्कृतात आहे. राधाकृष्णाच्या कथेपासून निघून तो शहाजीराजांच्या दरबारापर्यंत येतो. शेवटचा अकरावा उल्लास निरनिराळ्या भाषांचा. राजवाड्यांनीच हा ग्रंथ शोधून, मोठी प्रस्तावना जोडून शके १८४४, म्हणजे १९२२ साली, छापला. नाहीतर आज आपल्याला बारा नारळांचा पत्ताही नसता.

त्या बारा भाषांची नावे पाहण्यासारखी आहेत. संस्कृत आहे, प्राकृत म्हणजे आपली मराठी आहे, ग्वाल्हेरकडची भाषा आहे, गुजराती आहे, पंजाबी आहे, जयपूरकडची ढुंढारी आहे, हिंदुस्थानी आहे, कानडी आहे. आणि त्या यादीत यावनी हे नाव दोनदा येते. एक नुसती यावनी आणि दुसरी दाक्षिणात्य यावनी. त्या काळी मुसलमानांना यवन म्हणत, तेव्हा यावनी म्हणजे मुसलमानांची भाषा. पण जयरामाने सगळ्या मुसलमानांची भाषा एकच असे मानले नाही. दक्षिणेत राहणाऱ्या मुसलमानांची भाषा वेगळी आहे, तिचा ढंग वेगळा आहे, हे त्या नाशिककडच्या ब्राह्मणाच्या कानांनी अचूक टिपले आणि तिच्यासाठी त्याने वेगळा नारळ ठेवला.

विद्यार्थी मित्रांनो, ही दाक्षिणात्य यावनी म्हणजेच तुमच्या घरची दखनी. बारामतीच्या किंवा इंदापूरच्या मोहल्ल्यात तुमची आजी जी बोलते तीच. वर्गात तोंडातून नको निघाले, हौ निघाले, मैंच किंवा उनेच असा शेवटी च लागला की तुम्ही चटकन जीभ चावता. उर्दूच्या तासाला ती मोडकी उर्दू ठरते आणि मराठीच्या तासाला मोडके मराठी. हा नको आणि हा च दखनीने मराठीकडूनच घेतला, आणि तो काही काल-परवा नव्हे. शेकडो वर्षांपूर्वीच्या दखनी कवितेतही तो आहे. ही मोडकी भाषा असती तर गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशहाने तिच्यात अख्खा दिवाण लिहिला नसता, आणि विजापूरच्या नुसरतीने १६५७ मध्ये गुलशन-ए-इश्क व १६६५ मध्ये अलीनामा रचला नसता. औरंगाबादचा वली १७०० च्या सुमारास दिल्लीस गेला आणि त्याची कविता ऐकल्यावर दिल्लीच्या फारसी लिहिणाऱ्या शायरांना आपल्या बोलीत गझल लिहिण्याचा धीर आला. ज्या उर्दूच्या मानाने आज आपण दखनीला खालची समजतो, त्या उर्दूच्या काव्याने दखनीचे बोट धरले होते. पालकांनीही घरात मुलाला ही भाषा बोलू नकोस म्हणून दटावण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. शाळेसाठी प्रमाण उर्दू लागेल, प्रमाण मराठी लागेल, ती शिकवायला आम्ही आहोत. आजीची भाषा मात्र शाळेत शिकवीत नाहीत. ती घरातून गेली की गेलीच.

मघाशी जोडी लागणार असे म्हटले होते, ती ही. वडिलांच्या काळी श्रीगोंद्याचा एक मुसलमान मराठीत ओव्या लिहितो, आणि मुलाच्या दरबारात एक ब्राह्मण दखनी यावनीत कविता करून दाखवितो. दोघांनाही आपापल्या लोकांनी वाळीत टाकले नाही. शेख महंमदांना वारकऱ्यांनी संतमालिकेत बसविले. जयराम पुढे शिवाजी महाराजांच्या काळातही लिहीत होता. महाराजांनी १६७३ मध्ये पन्हाळा घेतला त्यावर त्याचे पर्णालपर्वतग्रहणाख्यान हे संस्कृत काव्य प्रसिद्ध आहे.

म्हणजे सर्व काही गोडीगुलाबीचे होते असे मात्र समजू नका. अनेक भाषा येतात म्हणून माणसांतले हेवेदावे संपत नाहीत. १६४८ च्या जुलैत जिंजीच्या वेढ्यात असताना विजापूरचा सेनापती मुस्तफाखान याने शहाजीराजांना बेसावध गाठून कैद केले. त्यात बाजी घोरपडे हा मराठा सरदारच पुढे होता. राजांना विजापुरास नेले. इकडे अठरा-एकोणीस वर्षांच्या शिवाजी महाराजांनी वडिलांच्या सुटकेसाठी मोगल शहाजादा मुरादबक्ष याच्याशी पत्रव्यवहार केला. त्याची उत्तरे आलेली आहेत आणि ती अर्थातच फारसीत आहेत. १६४९ मध्ये कोंढाणा, बंगळूर आणि कंदर्पी ही ठाणी आदिलशहाला देण्याच्या बोलीवर सुटका झाली. त्या कैदेच्या महिन्यांत एका चांगल्या फारसी मुनशीची किंमत भोसले घराण्याला पुरेपूर समजली असेल. पुढे थोरले चिरंजीव संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. राजांच्या वाट्याला दुःख कमी आले नाही.

एक आक्षेप तुमच्या मनात येईल, तो मीच मांडतो. शिवाजी महाराजांनी तर फारसी शब्द काढून टाकण्यासाठी राज्यव्यवहारकोश करविला, मग वडिलांचे बहुभाषापण मुलाने मोडलेच की! कोश झाला हे खरे. सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. पण तो करविण्यात कोणाचा हात होता ते पाहा. रघुनाथ नारायण हणमंते. त्यांचे वडील नारोपंत हणमंते हे शहाजीराजांचे बंगळूरचे कारभारी. या कामासाठी फारसी जाणणारा आणि संस्कृतही जाणणारा माणूस हवा होता, आणि तो शहाजीराजांच्या दरबाराच्या छायेत वाढलेला मिळाला. फारसी न येणाऱ्याला फारसीचा पर्याय शोधता येत नाही. शिवाय महाराजांच्या दप्तरात फारसी पत्रे लिहिणारे मुनशी अखेरपर्यंत होते. नव्या राज्याला स्वतःची भाषा हवी होती, ती त्यांनी घडविली. शेजाऱ्याची भाषा समजणे त्यांनी सोडले नाही.

शहाजीराजे सत्तरीच्या घरात पोहोचले तरी घोड्यावर होते. १६६४ च्या जानेवारीत बसवपट्टणजवळ होदिगेरे येथे शिकारीच्या मागे लागले असता घोड्याचा पाय अडकला, घोडा कोसळला आणि राजे जागीच गेले. तेथेच त्यांची समाधी आहे. आज ते गाव कर्नाटकात दावणगेरे जिल्ह्यात येते. वेरूळच्या भोसल्यांचा, फलटणच्या निंबाळकरांचा नातू, अहमदनगरच्या वलींचे नाव ल्यालेला हा पुरुष कानडी मुलखात विसावला. समाधीची निगा राखणारे गावकरी कानडीत बोलतात आणि दर्शनास जाणारे महाराष्ट्रातून मराठी बोलत येतात.

त्यांच्या मागे दोन राज्ये उभी राहिली. रायगडचे तुम्हाला ठाऊक आहे. दुसरे धाकटे चिरंजीव व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तमिळ मुलखात तंजावरला स्थापिले, आणि बंगळूरच्या दरबाराचे वळण खऱ्या अर्थाने तेथे उतरले. तेथील मराठे राजे प्रजेशी तमिळ बोलत, दरबारी साहित्य तेलुगूत लिहीत, घरात आणि दप्तरात मराठी वापरीत. व्यंकोजींच्या मुलाने आजोबांचेच नाव घेतले होते. या दुसऱ्या शहाजीराजांनी १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य केले आणि स्वतः नाटके लिहिली. मराठीतली अगदी आरंभीची नाटके त्यांत आहेत. पुढे दुसरे सरफोजीराजे झाले (राज्यकाल १७९८ ते १८३२). त्यांनी एका जर्मन पाद्र्याच्या हाताखाली शिक्षण घेतले, युरोपातल्या भाषांची पुस्तके मागविली आणि सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले. त्या ग्रंथालयात मोडीतले मराठी कागद तमिळ, तेलुगू आणि संस्कृत पोथ्यांच्या शेजारी ठेवलेले आहेत.

दुसऱ्या शहाजीराजांच्या नाटकांपैकी एकाचे नाव पंचभाषाविलास. त्यात निरनिराळ्या प्रांतांतल्या राजकन्या श्रीकृष्णाला वरण्यासाठी येतात. तमिळ देशातली तमिळ बोलते, आंध्रातली तेलुगू, महाराष्ट्रातली मराठी, उत्तरेकडची हिंदी, आणि श्रीकृष्ण संस्कृतात उत्तर देतो. कोणी कोणाला तुझी भाषा सोड म्हणत नाही, दुभाषाही कोणी बोलावीत नाही, आणि नाटक पुढे चालू राहते.